बाबांचे रिटायरमेंटचे ४० लाख: सोनं, प्लॉट, एफडी की इंडेक्स? जोखीम धरून परतावा मोजायचा कसा?

गंगावेशकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचे बाबा ६० पूर्ण होऊन रिटायर झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे सगळं मिळून ४० लाख खात्यात आलेत. ईपीएसची पेन्शन आहे पण तिच्यात लाइटबिल आणि दूध भागेल एवढंच, त्यामुळं वर्षाला अडीच लाखाच्या जवळपास याच पैशातनं काढायला लागणार. आणि पैसे आल्यापासनं घरात रात्री जेवताना रोज हाच विषय. आत्या म्हणते कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जाऊन सोनं घ्या, सोन्यानं कधी कुणाला बुडवलं नाही. काका म्हणतो प्लॉट घे, जागा काय नवीन तयार होत नाही. मामाचं म्हणणं पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतोय आणि माणसं ओळखीची आहेत. मी म्हणतोय इंडेक्स फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड. प्रत्येकजण आपापला परतावा सांगतोय, पण तो मिळवताना काय सोसायला लागलं ते कुणीच सांगत नाही, म्हणून म्हटलं सगळं एका मापात आणूया.

माप म्हणून शार्प रेशो घेतला. विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये मांडलेला, पुढं १९९० च्या नोबेलमध्ये तेही होते. हिशेब सोपा आहे, सरासरी परताव्यातनं बिनधोक मिळणारं व्याज वजा करायचं आणि जे उरेल त्याला चढउताराने म्हणजे प्रमाण विचलनाने भागायचं. धोक्याच्या प्रत्येक घासामागं जास्तीचं किती मिळालं, असं समजा.

सेन्सेक्सचे वर्षअखेरचे आकडे घेतले. २०१४ ला २७,४९९ आणि २०२४ ला ७८,१३९, म्हणजे चक्रवाढीनं ११ टक्के, डिव्हिडंड सोडून. वर्षावर्षाची सरासरी ११.४, विचलन १०.१, बिनधोक व्याज ६ धरलं तर शार्प ०.५ च्या जरा वर. इथपर्यंत ठीक. पण एफडीचं विचलन शून्य येतंय, आणि काकाच्या प्लॉटचंही शून्यच येतंय कारण घेतला तो भाव आणि विकला तो भाव, मधले भावच नाहीत. मग शून्यानं भागायचं कसं आणि प्लॉट एफडीइतकाच बिनधोक मानायचा का? इथं अडकलोय.

---

शिरोली_फौंड्री

भावा ०.५ म्हणजे चांगलाच आकडा आहे की. इंडेक्समध्ये टाक आणि दहा वर्षं बघूच नको. मी २०१६ पासनं एसआयपी करतोय, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात, एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

---

आकडेमोड

गंगावेशकर, आकडे बरोबर आहेत, मी पण तपासले. पण तुम्ही खिडकी कुठली घेतलीय ते बघा. तुमची दहा वर्षं २०१४ नंतर सुरू होतात, त्यात कॅलेंडर वर्ष म्हणून खराब असं एकच, २०१५, आणि तेही फक्त ५ टक्के खाली.

आता तीच शीट मागं ओढा आणि २००७ अखेरपासनं सुरू करा. तेव्हा सेन्सेक्स २०,२८७ होता. २००८ अखेर ९,६४७, म्हणजे एका वर्षात उणे ५२ टक्के. २००९ मध्ये अधिक ८१. २०११ मध्ये परत उणे २४.६. असं करत २०२४ पर्यंत १७ वर्षांची सरासरी काढली तर ११.८ येते, म्हणजे तुमच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच! पण विचलन १० वरनं थेट २७ वर जातं आणि शार्प ०.५ वरनं ०.२ वर येतो. सेन्सेक्स तोच, बिनधोक व्याज तेच, फक्त सात वर्षं जास्त घेतली.

आणि खरी गंमत पुढं आहे. सरासरी ११.८ असूनसुद्धा चक्रवाढीनं मिळाले फक्त ८.३ टक्के. मधले साडेतीन टक्के गेले कुठं? ते चढउतारानं खाल्ले. १०० चे ५० झाले तर परत १०० व्हायला ५० टक्के नाही, १०० टक्के वाढ लागते. एका वर्षी अधिक ५०, दुसऱ्या वर्षी उणे ४०, सरासरी दिसते ५ टक्के पण १०० चे झालेत ९०. म्हणून कुणी नुसती सरासरी सांगितली की मी आधी विचलन विचारतो, आणि विचलन सांगितलं की किती वर्षांचं ते विचारतो. फंडांच्या फॅक्टशीटवर, म्हणजे महिन्याच्या माहितीपत्रकावर, जो शार्प छापलेला असतो तो बहुतेक तीन वर्षांच्या मासिक आकड्यांवरचा असतो. तीन वर्षांत मोठी पडझड आलीच नसेल तर तो आकडा देखणा दिसणारच.

---

शिरोली_फौंड्री

हे ०.५ चं ०.२ होणं माहीत नव्हतं. शीट असेल तर टाका की.

---

बावडेकर

प्लॉटचं विचलन शून्य नाही ओ, ते फक्त मोजलेलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपल्या भागातली निम्मी माणसं इथंच फसतात.

शेअरचा भाव रोज टीव्हीवर दिसतो म्हणून भीती वाटते. प्लॉटचा भाव रोज कुणी सांगत नाही म्हणून तो स्थिर वाटतो. उद्या सकाळी उठून त्याच प्लॉटला गिऱ्हाईक शोधायला निघा, एकजण म्हणेल २२ लाख, दुसरा म्हणेल १६, तिसरा म्हणेल दिवाळीनंतर बघू. हा झाला चढउतार. तो शीटमध्ये येत नाही एवढंच.

आमचं स्वतःचं सांगतो. वडिलांनी २०११ मध्ये ८ लाखाला एक प्लॉट घेतला, नदीपासनं लांब आहे असं सगळे म्हणत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या प्लॉटवर कमरेएवढं पाणी. २०२१ च्या जुलैमध्ये परत. त्यानंतर दोन वर्षं गिऱ्हाईक फिरकलं नाही, आलेला प्रत्येकजण आधी पूररेषेचा नकाशा मागायचा. शेवटी २०२३ मध्ये १७ लाखाला गेला. घरात सगळे म्हणतात दुप्पट झाले. बारा वर्षांत दुप्पटच्या वर म्हणजे वर्षाला साडेसहा टक्के, आणि घेताना स्टँप ड्यूटी-रजिस्ट्रेशनचे सहा-सात टक्के, कंपाउंड, एजंटाची दलाली हे सगळं धरलं तर पाच-साडेपाचच. आणि सगळे पैसे एकाच तुकड्यात, त्यातला अर्धा गुंठा विकून आजारपणाचा खर्च भागवता येत नाही.

अजून एक. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं हे आपण पावसाळ्यात रोज बघतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका. वर्षभराची सरासरी पातळी कुणी विचारतं का? ज्याचं घर काठावर आहे त्याला सरासरीचा काय उपयोग, त्याला जास्तीत जास्त किती चढलं तेच पाहिजे, आणि २०१९ ला नि २०२१ ला ते ५५ च्या वर गेलं. गुंतवणुकीतपण तसंच विचारा, शिखरापासनं तळापर्यंत जास्तीत जास्त किती पडलं आणि परत वर यायला किती वर्षं लागली. सेन्सेक्स २००८ च्या जानेवारीत २०,८७३ ला बंद झाला होता, २००९ च्या मार्चमध्ये ८,१६० ला. म्हणजे १०० चे ३९. नंतर २०१० च्या दिवाळीत एकदा २१ हजाराला शिवला, परत पडला, आणि त्या उंचीच्या वर जायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला. काकांना हे दोन प्रश्न प्लॉटबद्दल पण विचारा.

---

ऊसवाला

बावडेकर म्हणतात ते खरं आहे पण जमिनीची दुसरी बाजू पण धरा की. आम्ही शिरोळ तालुक्यातली माणसं, आज्ज्यानं घेतलेली दोन एकर अजून आहे. ती टिकली कारण ती विकणं अवघड होतं. लग्न, बोअर, कर्ज, दर वेळी कुणीतरी म्हणायचं विकूया, आणि दर वेळी सात-बारावरच्या चार नावांच्या सह्या जमायच्या नाहीत. शेअर असते तर एका रात्रीत गेले असते. जे पटकन विकता येत नाही ते घाबरून पण विकता येत नाही, ह्याला कुठल्या रेशोत जागा आहे का? आणि शेतजमीन म्हणत असाल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच घेता येते, ते आधी बघा.

---

गुजरीचा_नातू

सोन्याबद्दल मी बोलतो, आमच्या तीन पिढ्या ह्याच धंद्यात.

आत्यांचं म्हणणं अर्धं बरोबर. २०१२ ला तोळा, म्हणजे १० ग्रॅम, ३१ हजाराच्या घरात होता. २०१५ ला २६ हजाराच्या घरात आला. २०१८ ला परत ३१. सहा वर्षं माणूस होता तिथंच, आणि महागाई तर चालूच होती. त्या काळात गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणायचं, सोन्यात काय राम राहिला नाही. तेच गिऱ्हाईक २०२५ मध्ये तोळा लाखाच्या वर गेल्यावर रांगेत उभं होतं. दोन्ही वेळेला माझ्या वडिलांनी एकच सांगितलं, दागिना हौसेला घ्या, गुंतवणूक म्हणून घेताना घडणावळ मोजा. साज घेतला तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी गेली, मोडायला आणलं की घट धरणार. म्हणजे सुरुवातच उणे दहा-बारानं.

सरकारी गोल्ड बाँडचं उदाहरण बघा, त्यात हे काही नव्हतं. पहिला बाँड २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये २,६८४ रुपये ग्रॅमनं आला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ६,१३२ नं परत दिला. आठ वर्षांत साधारण ११ टक्के चक्रवाढ, वर पावणेतीन टक्के व्याज. पण हा बाँड सोन्याच्या तळाला निघाला होता हे विसरू नका, आणि २०२४ च्या फेब्रुवारीनंतर नवीन बाँड आलेले नाहीत.

सोन्याचा खरा उपयोग दुसराच आहे. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्यावर आला तेव्हा सोनं रुपयात वाढलं, कारण बाहेर भाव टिकला आणि रुपया घसरला. एकट्या सोन्याचा शार्प काढून त्याला नापास करू नका, बाकीच्या पैशाबरोबर ठेवल्यावर सगळ्या गाठोड्याचं विचलन किती कमी होतं ते बघा. आणि सरकारचा धोका धरा. २०२४ च्या जुलैच्या बजेटात आयात शुल्क १५ वरनं ६ टक्के केलं आणि त्याच दिवशी भाव खाली आला. जगात सोनं होतं तिथंच होतं.

---

हुपरीकर

चांदीबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो. औंसाला ५० डॉलरच्या आसपास १९८० ला गेली होती, २०११ च्या एप्रिलमध्ये परत ४९ ला शिवली, २०१५ अखेर १४ च्या खाली. ५० ओलांडून पुढं जायला २०२५ उजाडलं. आम्ही पैंजण-जोडव्याच्या धंद्यात आहोत, माल करायला टाकला की महिन्यात भाव कुठं असेल सांगता येत नाही म्हणून हात राखून घेतो. रिटायर माणसानं ह्या वाटेला जाऊ नये असं मनापासनं वाटतं.

---

राजारामपुरी_ताई

मामांच्या मुद्द्याकडं कुणी लक्ष दिलं नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या घरातला सगळ्यात मोठा धोका तिथंच आहे.

पतसंस्था म्हणजे बँक नाही. बँकेतल्या ठेवीला, त्यात सहकारी बँकापण आल्या, डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा महामंडळाचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासनं तो ५ लाखाचा आहे, त्याआधी १९९३ पासनं १ लाखच होता. एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. माझ्या सासूबाईंचे साडेतीन लाख एका पतसंस्थेत अडकले, सहा वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं थोडे थोडे करत निम्मे आले. त्या सहा वर्षांच्या आधीच्या दहा वर्षांत त्यांचं व्याज एक दिवस चुकलं नव्हतं. तुमच्या शीटमध्ये ती दहा वर्षं घातली असती तर विचलन शून्य, परतावा बँकेपेक्षा जास्त, शार्प सगळ्यात भारी! दीड टक्का जास्त हा परतावा नव्हता, तो धोक्याचा हप्ता होता आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये एका फंड हाउसनं सहा डेट फंड, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे लावणारे फंड, एकदम बंद केले तेव्हापण असंच झालं, त्याआधीची बरीच वर्षं आलेख बऱ्यापैकी सरळ होता. जिथं बुडण्याचा धोका वर्षानुवर्षं झोपून असतो तिथं प्रमाण विचलन काही बोलत नाही.

बँकेच्या एफडीचं वेगळं. तिथं पैसे बुडायची भीती कमी, पण ७ टक्के व्याजावर ३० टक्क्याच्या स्लॅबवाल्याच्या हातात ४.८ राहतात. तुमचे बाबा त्या स्लॅबमध्ये नसतील, पण तुम्ही तुमच्या नावावर ठेवायचा विचार करत असाल तर हे बघा.

आणि एक सुचवते. त्या एक्सेलमध्ये अजून एक रकाना घाला, ‘हे पैसे कधी लागणार’. तो बाबांना भरू दे, तुम्ही नका भरू.

---

आकडेमोड

ताईंच्या रकान्याला धरूनच पुढचं लिहितो, रात्री बसून केलंय.

समजा तुमचे बाबा २००७ अखेरीला रिटायर झाले असते आणि ४० लाख सगळेच इंडेक्समध्ये टाकले असते. दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख ४० हजार काढले. सहा वर्षांनी, २०१३ अखेर, सेन्सेक्स २१,१७१ म्हणजे सुरुवातीपेक्षा वरच आहे. पण खात्यात उरलेत २२ लाख ७० हजार. ७ टक्क्याच्या एफडीत ठेवून तेवढेच काढले असते तर ४१ लाख ६६ हजार शिल्लक, टॅक्स आणि डिव्हिडंड दोन्ही बाजूला ठेवून.

आता तीच सहा वर्षं उलट्या क्रमानं लावा, आधी २०१३ चा परतावा आणि शेवटी २००८ चा. खात्यात उरतात साडेएकोणतीस लाख. सरासरी तीच, विचलन तेच, शार्प दशांशापर्यंत तोच, पण जवळजवळ सात लाखाचा फरक. कारण शार्पला क्रम कळत नाही. जो पैसे घालतोय त्याला सुरुवातीची पडझड फायद्याची, आणि जो काढतोय त्याला तीच मारक. शिरोलीकर एसआयपी करतायत त्यांना ०.२ चालेल, बाबांना ०.५ पण पुरेसा नाही.

---

शिरोली_फौंड्री

मी वर सरळ इंडेक्स म्हणून मोकळा झालो होतो, ते मागं घेतो.

उलट आता माझाच विचार करायलोय. २०२० मध्ये जानेवारीत ४१,९५२ ला असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ ला होता, आणि त्याच महिन्यात आमच्या फौंड्रीला लॉकडाऊनमुळं टाळं, पगार अर्धा. म्हणजे पगार आणि एसआयपी दोन्ही एकाच गाडीला जुंपलेत, आणि त्यात मी घेतलेले शेअर पण गाड्यांच्या कंपन्यांचेच होते. मार्केट लगेच वर आलं म्हणून निभावलं. ज्याचा पगारच मंदीत हलतो त्यानं दुसरीकडं जरा घट्ट राहायला पाहिजे, असं आता वाटतंय.

---

रंकाळा_चौपाटी

वाचनखूण साठवली. एक शंका, हे सगळं सहा टक्के बिनधोक व्याज धरून चाललंय, ते सहाच का?

---

आकडेमोड

चांगला प्रश्न. पुस्तकात ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकार थोड्या मुदतीसाठी घेतं त्या कर्जाचा दर धरतात, फंडवाले फॅक्टशीटला मायबॉर म्हणजे बँकांचा एक रात्रीचा दर लावतात. मी सोयीसाठी सगळीकडं ६ ठेवलं. पण ७ धरलं तर १७ वर्षांचा शार्प ०.२ च्याही खाली जातो. आणि बाबांच्या बाबतीत तर त्यांना सरकारच जास्त देतंय, ते पुढं कुणीतरी लिहा.

---

राजारामपुरी_ताई

मीच लिहिते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात किंवा बँकेत. ६० पूर्ण झालेल्याला, पाच वर्षं, जास्तीत जास्त ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. दर आता ८.२ आहे, सरकार तिमाहीला बदलू शकतं पण खातं उघडताना जो असेल तो तुम्हाला पाचही वर्षं.

---

गंगावेशकर

सगळ्यांचे मनापासनं आभार. तीन दिवस शीट घेऊन बसलोय.

३० लाख गुणिले ८.२ टक्के म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार, तिमाहीला ६१,५००. आम्हाला लागणारे पैसे जवळजवळ तेवढेच आहेत. हे दिसल्यावर माझा सगळा प्रश्नच बदलला. मी सगळ्या ४० लाखाचा शार्प काढत होतो, पण त्यातल्या ३० लाखांना मार्केटची गरजच नाही. आकडेमोड यांच्या त्या २२ लाख ७० हजारावर बाबा बराच वेळ बघत बसले होते.

राहिलेले १०. त्यातले ४ राष्ट्रीयीकृत बँकेत, हाताशी. ४ इंडेक्समध्ये, पण एकदम नाही, दोन वर्षांत हळूहळू, कारण पाच वर्षांनी महागाईनं ह्या ६१,५०० ची किंमत कमी झालेली असणार आणि तेव्हा भर घालायला काहीतरी वाढलेलं लागेल. २ सोन्यात, ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, साज नाही. आत्याला गुजरीचा_नातू यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, घडणावळीचं तिला पटलं, ती स्वतःच्या चार बांगड्यांचा हिशेब करत बसली. काका नाराज आहे. मामांना डीआयसीजीसीबद्दल सांगितलं तर म्हणाले आमच्या संस्थेत असं होत नाही. त्यांचे स्वतःचे ९ लाख तिथं आहेत, त्याची मला आता काळजी लागलीय, रविवारी जाऊन परत बोलणार आहे.

ऊसवाला, तुमचा प्रश्न डोक्यातनं जात नाही. विकणं अवघड असण्याचं मोल कुठल्याच रेशोत नाही हे खरंय, पण योजनेतले ३० लाख पाच वर्षं तसेच बांधलेले राहतात, मुदतीआधी मोडलं तर कापून घेतात, तेवढं बंधन आम्हाला पुरेल असं वाटतंय.

आणि ताई, तो रकाना बाबांनी पेननं प्रिंटवरच भरला. पहिल्या ओळीत लिहिलंय ‘हिचं गुडघ्याचं ऑपरेशन, पुढच्या पाडव्याच्या आत’. आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांना माहीत होतं. म्हणून बँकेतले ४ चे ५ केलेत आणि इंडेक्सचे ४ चे ३.

---

राजारामपुरी_ताई

मग ते पाच एकाच बँकेत ठेवू नका, व्याज मिळवलं की पाचाच्या वर जातील. दोन बँकांत अडीच-अडीच करा. आणि ऑपरेशनचे आहेत ते वर्षाच्या एफडीत, सगळ्यावर आईंचं नाव जॉइंटला लावा, ‘दोघांपैकी कुणीही’ असं लिहून, म्हणजे बाबा दवाखान्यात अडकले तरी आईंना काढता येतील.